संगणकांचे डोमेन : एका नोंदवहीवरचा विश्वास

परवलीचा शब्द ही कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. रात्री छावणीत शिरणाऱ्याला पहारेकरी हटकतो, आलेला माणूस ठरलेला शब्द उच्चारतो आणि त्याला वाट मोकळी होते. ऐतिहासिक कादंबऱ्यांतून हा प्रसंग आपण अनेकदा वाचलेला आहे. आज महाविद्यालयाच्या संगणक-कक्षात, बँकेत किंवा सरकारी कचेरीत संगणकासमोर बसणारा माणूस हेच करतो, असा आपला सर्वसाधारण समज असतो. नाव टाकले, परवलीचा शब्द टाकला, की पडदा उघडला. परंतु ज्या संस्थेतील संगणक एका डोमेनमध्ये जोडलेले असतात, तेथे या दोन-चार सेकंदांत जे घडते ते छावणीतील प्रसंगाहून बरेच वेगळे असते. तेथे परवलीचा शब्द पहारेकऱ्यापर्यंत जातच नाही. शिवाय माणसाच्या आधी खुद्द संगणकाला आपली ओळख पटवून द्यावी लागते. हे कसे घडते, आणि या व्यवहारात विश्वास नेमका कोणावर टाकलेला असतो, हे समजावून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. विषय यंत्राचा असला तरी विश्वास, अधिकार आणि अधिकाराचे विभाजन हे प्रश्न कलाशाखेच्या अभ्यासकाला परके नाहीत.

आरंभीचे दोन प्रसंग

संगणकावर परवलीचा शब्द वापरण्याची प्रथा ज्या पहिल्या काही ठिकाणी पडली, त्यांत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, ही संस्था येते. १९६१ मध्ये फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत प्रत्यक्षात आणली. यंत्र एक आणि वापरणारे अनेक, तेव्हा प्रत्येकाचे कागद वेगळे राहावेत म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द देण्यात आला. हे सर्व शब्द यंत्रातच एका यादीत लिहून ठेवलेले होते.

लवकरच या यादीचे दोष दिसू लागले. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला यंत्रावर वाट्याला आलेला वेळ पुरेना, तेव्हा त्याने ती संपूर्ण यादीच छापून मिळवली. त्याच दशकात पुढे एकदा दोन फायलींची अदलाबदल झाली आणि रोजची सूचना दिसावयाची त्या जागी, प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यांचे परवलीचे शब्द दिसू लागले. कॉर्बातो यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानात हा प्रसंग स्वतः सांगितला आहे. पहारा कितीही कडक असो, ज्या वहीत सर्वांची गुपिते लिहिलेली आहेत ती वही हेच त्या व्यवस्थेचे मर्मस्थान असते, ही गोष्ट तेव्हापासूनच स्पष्ट आहे. डोमेनचा विचार करताना ती सतत ध्यानात ठेवावी लागते.

डोमेन म्हणजे काय?

समजा, एका महाविद्यालयात ३० संगणक आहेत आणि ४०० विद्यार्थी ते वापरतात. प्रत्येक संगणकाने आपापली स्वतंत्र नोंदवही ठेवावयाची ठरवल्यास कोणीही कोठेही बसू शकण्यासाठी १२,००० नोंदी कराव्या लागतील. एखाद्याने परवलीचा शब्द बदलला, तर तो ३० ठिकाणी बदलावा लागेल. एखादा विद्यार्थी महाविद्यालय सोडून गेला, तर त्याचे नाव ३० ठिकाणी खोडावे लागेल. आणि त्यांतले एखादे ठिकाण राहून जाणार, हे अनुभवी कारकून सांगू शकेल.

यावरचा उपाय म्हणजे सर्वांसाठी एकच नोंदवही ठेवणे. ही वही ज्या संगणकावर असते त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. आपण त्याला येथे ‘नियंत्रक’ म्हणू. आणि जे संगणक व जी माणसे या एका वहीला प्रमाण मानतात, त्यांचा समुदाय म्हणजे डोमेन. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९३ मध्ये विंडोज एनटी बाजारात आणले तेव्हा त्यात ही व्यवस्था होती. त्या वेळी मुख्य नियंत्रक एकच असे. दुय्यम नियंत्रकांजवळ वहीची प्रत असे, पण तीत काही लिहिण्याची मुभा त्यांना नसे. २००० साली आलेल्या विंडोज २००० बरोबर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी ही नवी रचना आली. तीत कोणत्याही नियंत्रकावर नोंद करता येते आणि सर्व नियंत्रक आपल्या वह्या परस्परांशी जुळवून घेत राहतात. आज जगातील असंख्य कचेऱ्या याच रचनेवर चालतात.

कर्बेरॉस : न सांगता ओळख पटवणे

वही एक झाली, तरी मुख्य अडचण शिल्लकच राहिली. संगणक एका खोलीत आणि नियंत्रक दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या गावात असला, तर मधल्या तारेवरून परवलीचा शब्द पाठवावयाचा कसा? तार ऐकणारा कोणीही तो टिपून घेईल.

या प्रश्नाचे जे उत्तर आज रूढ आहे त्याचा पाया १९७८ मध्ये रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी लिहिलेल्या एका निबंधात आहे. त्याला प्रत्यक्ष रूप आले ते पुन्हा एमआयटीमध्येच. तेथे १९८३ मध्ये ‘अथेना’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. विद्यापीठाच्या आवारात ठिकठिकाणी संगणक ठेवावयाचे आणि कोणत्याही विद्यार्थ्याने कोणत्याही संगणकावर बसून आपले काम करावे, असा त्याचा हेतू होता. असा सार्वजनिक संगणक कोणाच्याही हाती लागणार, म्हणजे त्याच्या शब्दावर विसंबून चालणार नाही. म्हणून जी पद्धत घडवली गेली तिला ग्रीक पुराणकथेतील पाताळाच्या दारावरच्या तीन मुखांच्या कुत्र्याचे, कर्बेरॉसचे, नाव देण्यात आले. आपल्याकडे ऋग्वेदात यमाच्या वाटेवर चार डोळ्यांचे दोन कुत्रे राखण करतात, त्याची येथे आठवण होते. स्टीव्ह मिलर आणि क्लिफर्ड न्यूमन हे या पद्धतीचे प्रमुख रचनाकार. तिची पाचवी आवृत्ती १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टनेही तीच स्वीकारली.

कर्बेरॉसची रीत साध्या उदाहरणाने सांगता येईल. विद्यार्थी संगणकावर आपले नाव आणि परवलीचा शब्द टाकतो. संगणक त्या शब्दापासून गणिताने एक किल्ली तयार करतो. त्या किल्लीने तो घड्याळातील त्या क्षणाची वेळ कुलूपबंद करतो आणि विद्यार्थ्याचे नाव व ही बंद पेटी नियंत्रकाकडे पाठवतो. नियंत्रकाच्या वहीत त्या विद्यार्थ्याची किल्ली अगोदरच नोंदलेली असते. तिने पेटी उघडली आणि आत चालू वेळ निघाली, तर पेटी बंद करणाऱ्याजवळ खरी किल्ली आहे हे सिद्ध झाले. तारेवरून शब्दही गेला नाही आणि किल्लीही गेली नाही. चोराने ही पेटी टिपून ठेवली आणि तासाभराने स्वतः पाठवली, तर आतली वेळ शिळी झालेली असते. म्हणूनच डोमेनमधील सर्व घड्याळे जुळलेली असावी लागतात. सामान्यतः पाच मिनिटांपेक्षा अधिक फरक चालत नाही. संगणकाच्या आतील घड्याळाची बॅटरी संपली आणि त्याची तारीख काही वर्षे मागे गेली, तर परवलीचा शब्द अचूक असूनही कर्बेरॉसचा दरवाजा उघडत नाही, त्याचे कारण हे आहे.

ओळख पटली की नियंत्रक विद्यार्थ्याला दोन वस्तू देतो. एक म्हणजे त्या दिवसापुरती तात्पुरती किल्ली. आणि दुसरी म्हणजे एक चिठ्ठी, जिला तिकीट म्हणतात. हे तिकीट नियंत्रकाने स्वतःच्या गुप्त किल्लीने बंद केलेले असते. विद्यार्थी ते बाळगतो, पण उघडू शकत नाही. विंडोजच्या मूळ मांडणीत त्याची मुदत दहा तासांची असते, म्हणजे साधारणतः कामाचा एक दिवस.

पुढे विद्यार्थ्याला ग्रंथालयाच्या संगणकावरील यादी पाहावयाची झाली, तर त्याचा संगणक हे तिकीट नियंत्रकाला दाखवून ग्रंथालयासाठी दुसरी चिठ्ठी मागतो. ही दुसरी चिठ्ठी ग्रंथालयाच्या संगणकाच्या किल्लीने बंद केलेली असते. ग्रंथालयाचा संगणक ती आपल्या किल्लीने उघडतो. चिठ्ठी उघडली, याचा अर्थ ती नियंत्रकानेच दिली. कारण ही किल्ली त्या दोघांखेरीज कोणाजवळ नाही. आत नाव आहे, मुदत आहे. ग्रंथालयाला विद्यार्थ्याचा परवलीचा शब्द कळण्याचे काही कारणच उरत नाही. सकाळी एकदा ओळख पटवली की दिवसभर दारोदार तोच शब्द पुन्हा टाकावा लागत नाही, ही सोय यातूनच निर्माण झाली आहे.

संगणकाचीही ओळख

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. ग्रंथालयाच्या संगणकाजवळ किल्ली आली कोठून? याचे उत्तर म्हणजेच ‘संगणक डोमेनला जोडणे’ ही क्रिया. संगणक जोडला जातो तेव्हा नियंत्रकाच्या वहीत माणसांप्रमाणे त्याच्याही नावाची नोंद होते. त्या नावाच्या शेवटी डॉलरचे चिन्ह असते. त्याच वेळी एक लांबलचक गुप्त परवलीचा शब्द ठरतो, जो कोणत्याही माणसाला ठाऊक नसतो. विंडोजच्या मूळ मांडणीत दर ३० दिवसांनी संगणक तो आपणहून बदलतो. सकाळी यंत्र सुरू होते तेव्हा कोणी माणूस समोर बसण्यापूर्वी ते स्वतः नियंत्रकाकडे हजेरी लावते.

ज्या संगणकावर आपण नुसते बसतो, त्यालाही ही ओळख का लागते, हे पाहण्यासारखे आहे. एखाद्या लबाड माणसाने जाळ्यात बनावट नियंत्रक बसवला आणि स्वतःच त्या संगणकासमोर येऊन बसला, असे समजा. त्याचा परवलीचा शब्द त्याचाच बनावट नियंत्रक मान्य करील आणि बिचारा संगणक दार उघडील. हे टाळण्यासाठी संगणक नियंत्रकाकडे खुद्द स्वतःच्या नावाची चिठ्ठी मागतो आणि ती आपल्या किल्लीने उघडून पाहतो. बनावट नियंत्रकाजवळ ही किल्ली नसल्यामुळे त्याचे सोंग तेथेच उघडे पडते. तात्पर्य, पहारा दुहेरी आहे. नियंत्रक माणसाला पारखतो आणि संगणक नियंत्रकाला पारखतो.

या व्यवस्थेचे नित्याचे बिघाडही यावरून समजतात. एखादा संगणक बिघडला म्हणून त्यावर तीन महिन्यांपूर्वीची प्रत पुन्हा चढवली, तर त्याच्याजवळ जुना परवलीचा शब्द येतो आणि वहीत मात्र नवा असतो. मग डोमेनशी असलेले विश्वासाचे नाते तुटले, अशा अर्थाची सूचना पडद्यावर येते आणि ते नाते नव्याने जुळवून द्यावे लागते. दुसरा बिघाड पत्त्याचा. नियंत्रक कोठे आहे हे संगणक डीएनएस या नाव-पत्ता सांगणाऱ्या सेवेला विचारतो. त्याला संस्थेबाहेरच्या डीएनएसचा पत्ता दिलेला असेल, तर बाहेरच्या त्या सेवेला आपल्या नियंत्रकाचे नावही माहीत नसते आणि जोडणी होत नाही. याउलट, घरी नेलेला संगणक नियंत्रक समोर नसतानाही उघडतो. कारण पूर्वी प्रवेश केलेल्यांच्या ओळखीचा पुरावा तो स्वतःजवळ राखून ठेवतो. विंडोजच्या मूळ मांडणीत अशा दहा प्रवेशांची आठवण ठेवलेली असते.

२७ जून २०१७

इथवर पाहिलेली रचना बुद्धिमान आहे यात शंका नाही. परंतु तिचा सर्व भार एका वहीवर आहे. ती वही हातची गेली तर काय होते, याचे उदाहरण माएर्स्क या डॅनिश जहाज-कंपनीने जगाला दाखवले.

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून एक विध्वंसक प्रोग्राम पसरला. त्याला पुढे नॉटपेट्या हे नाव मिळाले. तेथील एम. ई. डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीबरोबर तो संगणकांत शिरला. खंडणी मागण्याचा त्याने देखावा केला. प्रत्यक्षात यंत्रांतील माहिती नष्ट करणे हेच त्याचे काम होते. ब्रिटन आणि अमेरिका यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यासाठी रशियाच्या लष्कराला जबाबदार धरले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग हा की, तो एका संगणकावरून दुसऱ्यावर कसा गेला. विंडोजमधील एका दोषाचा त्याने उपयोग केला, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. ज्या संगणकात तो शिरे, त्याच्या स्मृतीत राहिलेल्या किल्ल्या तो वेचून घेई. एखाद्या प्रशासकाने त्या संगणकावर कधी काम केले असेल आणि त्याची किल्ली स्मृतीत शिल्लक असेल, तर त्या किल्लीने तो पुढच्या संगणकात उजळ माथ्याने प्रवेश करी. डोमेनमधील सारे संगणक एकाच वहीला मानतात, म्हणून त्या वहीने ज्याला सर्वाधिकार दिले त्याच्या नावाने आलेल्यापुढे सगळेच दरवाजे उघडले. जी सोय माणसांसाठी केलेली होती, तिचाच त्याने रस्ता केला.

माएर्स्कचे काम जगभर ठप्प झाले. आपल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातही त्याची झळ पोहोचली. तेथील गेटवे टर्मिनल्स इंडिया या माएर्स्क समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे व्यवहार विस्कळीत झाले आणि कंटेनर अडकून पडले. प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांनुसार कंपनीचे सुमारे १५० नियंत्रक होते. ते परस्परांशी वह्या जुळवून घेत, आणि एक गेला तर दुसरा आहेच, असा भरवसा होता. पण सगळे एकाच जाळ्यात असल्यामुळे ते एकाच वेळी गेले. इतर माहितीच्या प्रती शिल्लक होत्या. नियंत्रकाच्या वहीची मात्र एकही वेगळी प्रत ठेवलेली नव्हती.

वाचला तो आफ्रिकेतील घाना देशातल्या कचेरीतील एकच नियंत्रक. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती आणि यंत्र जाळ्यापासून तुटले होते. तारेवरून ती वही इंग्लंडला पाठवावी तर वेग इतका कमी की कित्येक दिवस लागले असते. घानामधील कर्मचाऱ्यांजवळ ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर एकजण डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तेथे ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि त्याने ती विमानाने लंडनला नेली. त्या एका प्रतीवरून उभारणी सुरू झाली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने मांडावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये सांगितले. नुकसानीचा कंपनीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरचा होता.

विजेचा लपंडाव आपल्याला नवा नाही. पण एवढ्या मोठ्या कंपनीचा डोलारा वीज गेल्यामुळे वाचावा, हा योगायोग होता; त्याला व्यवस्था म्हणता येणार नाही.

यातून काय घ्यावे?

सभासदाच्या बखरीत शिवकालीन गडांची जी व्यवस्था वर्णिली आहे, तीत हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे समान दर्जाचे अधिकारी असून तिघांनी मिळून कारभार करावयाचा आहे. गड एकाच्या हाती नसल्यामुळे एकजण फितूर झाला तरी सगळा गड जात नसे. डोमेनच्या सुरक्षिततेसाठी आज जे उपाय सांगितले जातात, त्यांचे तत्त्व याहून फारसे निराळे नाही. सर्वाधिकार असलेल्या खात्याने नित्याचे काम करू नये आणि ते खाते सामान्य संगणकावर उघडूच नये, म्हणजे त्याची किल्ली तेथे मागे राहणार नाही. प्रत्येक संगणकाच्या स्थानिक प्रशासकाचा परवलीचा शब्द वेगळा असावा. विंडोजच्या मूळ मांडणीत कोणताही साधा वापरकर्ता दहापर्यंत नवे संगणक डोमेनला जोडू शकतो. ही मोकळीक बंद करून तो अधिकार नेमलेल्या माणसालाच द्यावा. आणि वहीची एक प्रत नेहमी जाळ्याबाहेर, तार काढून, कुलपात ठेवलेली असावी. एवढेच नव्हे, तर त्या प्रतीवरून नवी वही उभी राहते की नाही, हे वर्षातून एकदा तरी करून पाहावे.

हे झाले प्रशासकाचे काम. विद्यार्थी आणि अध्यापक यांच्याकडे येणारा भाग लहान आहे, पण तो दुसऱ्या कोणाला करता येत नाही. कर्बेरॉसची सगळी करामत ‘ज्याची किल्ली तो माणूस’ या गृहीतावर उभी आहे. मित्राला आपल्या नावाने बसू दिले, किंवा संगणक उघडा टाकून चहाला गेलो, की तिकीट आपल्या नावाचे आणि हात दुसऱ्याचे, अशी स्थिती होते. आणि नियंत्रकाला त्यातले काहीही कळण्याचा मार्ग नाही. दहा तासांचे ते तिकीट आपल्या मागेही चालूच राहते. उठताना लॉग ऑफ करणे किंवा निदान पडद्याला कुलूप लावणे, ही सवय त्यासाठी आहे.

अथेना प्रकल्पातील मंडळींनी सार्वजनिक संगणकावर विश्वास ठेवू नये असे ठरवले आणि तो सारा विश्वास एका वहीकडे सोपवला. त्यांचा निर्णय योग्यच होता. मात्र सोपवलेला विश्वास सांभाळावाही लागतो, आणि ते काम यंत्राकडे देऊन मोकळे होता येत नाही. आपल्या संस्थेची ही वही कोणाच्या हाती आहे, तिची जाळ्याबाहेरची प्रत कोठे आहे आणि ती शेवटची केव्हा तपासली, हे तीन प्रश्न आपण सर्वांनी विचारावेत. ते विचारण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.